सतरा कान

कापितोलिना गेली त्याला हा चौथा महिना.
बाल्कनीतल्या लाकडी पेटीत,
जिथं हिवाळाभर फ्रिजची गरज पडत नाही,
तिच्या हातच्या सतरा पेल्मेन्या अजून आहेत.

पेल्मेनी म्हणजे कानाची भाकर.
तीच सांगायची, उरालकडच्या तिच्या आजोळच्या बोलीतला अर्थ.
आणि दिसतातही तशा:
पिठूळ, बारक्या, गार,
टोपी विसरून शाळेत गेलेल्या पोरांचे कान.

कारखान्यानं ज्या वर्षी पगाराऐवजी
मैद्याची पोती दिली
तेव्हापासूनचा आमचा शनिवार.
स्वयंपाकघर माझं, कारण टेबल माझ्याकडे मोठं.
पातिगुल भोपळा आणायची, मेंढीच्या शेपटीची चरबी,
आणि चार मजली उकडपात्र, ज्याचं झाकण तिसऱ्याच कुठल्या भांड्याचं.
तिचा हात सढळ.
तिच्या एका मंतीत एका माणसाचं जेवण.
माझ्या पिगोद्या कोबीच्या, फुगवलेल्या पिठाच्या.
लहानपणी आई माझ्या कळ्या मोजायची,
अकरा भरल्या नाहीत तर उकलायला लावायची.
आजही मी मनात मोजते,
आणि दहावर थांबते. मुद्दाम.

कापितोलिना डावखुरी.
आमच्या मुरडी उजवीकडे पळायच्या, तिच्या डावीकडे,
त्यामुळे पातेल्यात कुणाची फुटली,
कुणाचं सारण पाण्यात पोहतंय,
यावर भांडायची सोयच नव्हती.
तिची कधी फुटलीच नाही म्हणा.

कालिनिनग्राडहून मुलानं तिकीट पाठवलं.
जायचं नव्हतं तिला.
मनाला मुरड घातली,
लाटणं पुसलं आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं,
चमच्यांच्या खाली, जसं काही ते माझंच होतं.

आता शनिवारी आम्ही दोघी.
पातिगुल बोलता बोलता एकदम आवाज उतरवते:
‘हळू, वेनेरा. तिचे कान बाहेर आहेत.’
मग आम्ही कुजबुजतो.
तिचं घर घेणाऱ्यानं दाराला फासलेला तो निळा रंग.
ते खिमायंत्र, जे तिनं नेलं आणि परत केलं नाही.
तिच्या मुलाबद्दल जे तिच्या तोंडावर
तीस वर्षांत बोलवलं नाही, ते.
आणि मध्येच दोघीही
काचेतून पेटीकडे बघतो.

फोनवर ती सांगते, तिकडे पाकिटातल्या मिळतात.
सगळ्या एका मापाच्या, एका वजनाच्या.
एकही फुटत नाही.
‘आणि चव?’
‘सांगितलं ना. एकही फुटत नाही.’

मार्चच्या पहिल्या आठवड्यात पन्हळ ठिबकायला लागली.
पेटीचा एक कोपरा ओला.
पातिगुल म्हणाली, आज नाही तर मांजरांना.
मी पाणी ठेवलं. मीठ, तमालपत्र.
सतरा कान एकेक करून सोडले,
आधी बुडाले, मग वर आले,
सगळ्यांची मुरड डावीकडे.

नऊ तिला, आठ मला.

दर खेपेला कापितोलिना एका पेल्मेनीत
मांसाऐवजी नुसती मिरपूड भरायची.
ज्याला ती लागेल त्याचं वर्ष चांगलं.
मला कधी लागली नाही.
पातिगुलला पहिल्याच घासाला लागली:
ठसका, डोळ्यांतून धारा,
उइगुरमध्ये एक शिवी, जिचा अर्थ ती मला कधीच सांगत नाही.
मी हसले. हसता हसता माझी तोंडात टाकली.

मिरपूड.

दुसरी फोडली, चमच्यानं. मिरपूड.
तिनं तिची तिसरी, मी माझी चौथी.
टेबलावर काळी राख सांडावी तशी.
नाकं गळतायत, कुणी पुसत नाहीये.
सतराच्या सतरा.

फोन लावला.
तिकडे घड्याळ तीन तास मागं, ती अजून जेवायची होती.
पाठीमागं कुणाचा तरी टीव्ही.
हॅलो नाही, कशी आहेस नाही,
तिनं विचारलं,
‘कितवीला कळलं?’