एकसष्ट

पहाटे साडेचारला वर्गाचं कुलूप काढलं.
फळ्यावर शुक्रवारचे पाढे तसेच, सातापर्यंत आलेले.
पुसायचे की ठेवायचे, नियमावलीत काही नव्हतं.
ठेवले.

बाकं इतकी बुटकी की मतदार दुमडून बसतात,
गुडघे हनुवटीला, आणि कागदावरची गोलं भरतात
पहिलीतल्या पोरांसारखी, जीभ बाहेर काढून.
बरेचसे माझ्याच पहिलीतले आहेत.

यादीत सातशे बारा नावं.
त्यातली तीनशे तरी आलिंग पात्रिंगच्या हातात पडलेली,
आधी तिच्या, मग आईच्या.
बेटाच्या या टोकाला चाळीस वर्षं एकच सुईण.
यंदा ती उभी होती प्रांताच्या बोर्डावर,
कारण दवाखान्याची बोट तीन वर्षं दुरुस्तीला पडलीय
आणि बोर्डाच्या कागदांत ती रोज फेऱ्या मारते.

गव्हर्नरपदाचं बोलायला नको.
आधी वडील, नऊ वर्षं. मग आई. आता मुलगा,
आणि वडील व्हाइस गव्हर्नरला,
म्हणजे पोरगा चुकला तर कान धरायला जवळच.
खुर्ची तीच. अभ्रा बदलतो.

रविवारी रात्री कुत्री भुंकत गेली, एका घरामागून एक,
त्यावरून कळलं पाकिटं कुठवर पोचली.
गव्हर्नरचे पाचशे पेसो. बोर्ड मेंबरांचे शंभर, पाच जणांत मिळून.
आलिंग पात्रिंगने काही वाटलं नाही.
तिच्याकडे होते उसने तांदूळ, तेही परत करायचे.

दहाच्या सुमारास एलेउतेरियो आला, होडीवरून थेट,
चपला हातात घेऊन, चर्चमध्ये शिरावं तसा.
"मॅम, मशीन चिठ्ठी देतं ना, कुणाला दिलं त्याची?
ती कुणाला दाखवायची असते?"
कुणालाच नाही. या पेटीत टाकायची.
"कुणालाच?"
कुणालाच.
मग तो बराच वेळ बसला त्या बुटक्या बाकावर.
मी केंद्राची अध्यक्ष. मी खिडकीबाहेर बघितलं.
एक कोंबडी, झेंड्याचा खांब, ऊन.

संध्याकाळी सातला मशीनने कागद ओकला,
वाण्याच्या बिलासारखा, लांबच लांब.
मोठ्याने वाचायचा नियम आहे.
टेकडीवरच्या घराला पाचशे अठ्ठेचाळीस.
पात्रोसिनिया माग्दारो, एकसष्ट.
पुन्हा वाचा, मागून कुणीतरी म्हणालं.
वाचलं. एकसष्ट.

ती दारातच उभी होती.
"अर्धे मनिलाला असतात," म्हणाली, "उरलेले सौदीला.
येणार कुठून बिचारे?"
समजूत आमची घालत होती.
आमच्यातले बरेच जण पायांकडे बघत होते,
आणि ते काही मनिलाहून आलेले नव्हते.

त्या एकसष्टात एक माझं.
असं मी सांगते.
चिठ्ठी पेटीत आहे, पेटीला सील आहे,
सीलवर सही माझीच आहे.

गुरुवारपर्यंत फलक उतरले.
कुणी डुकरांच्या खोपटावर घातले, कुणी भात वाळवायला,
बोर्डाचा एक मेंबर आमच्या गळक्या न्हाणीवर हसतोय.
रात्री दोनला दार वाजलं. आलिंग पात्रिंग.
मागच्या गल्लीतल्या रोसेनियाला कळा सुरू,
नवरा समुद्रावर, आणि बोट, ती कागदावर.

बांबूच्या जमिनीवर अंथरायला
तिने गव्हर्नरचा फलक ओढून आणला, चौकातला, मोठ्यातला मोठा.
"यातून थेंब झिरपत नाही," म्हणाली. "माझा छोटा पडतो."
तोंड वर ठेवू की खाली? मी विचारलं.
"इथे डोकं दिसायला लागलंय,
आणि तू कुणाचं तोंड विचारतेस?"

मी कंदील धरला.
कडीवर माझं बोट, नखाच्या खाचेत शाई अजून काळी.
तिने एकदाच त्या बोटाकडे बघितलं.
मग म्हणाली, जरा खाली धर.