रेघेवर

चौऱ्याहत्तर साल. अंजनीच्या काठी
नगराध्यक्षपदाची मोजणी, जिनिंगच्या गोदामात;
सतरंजीखालून सरकी टोचत होती.
‘कंदील तीन मतांनी पुढे,’ असं
रात्री साडेदहाला पुकारलं,
आणि शिडीवाले पौलाद आप्पा
धोतराचा सोगा सावरत उठले,
‘आखो एक डाव मोजा.’
अर्जाला कागद माझ्याकडूनच घेतला.

फेरमोजणीत नवं काही नसतं.
तेच पन्नास-पन्नासचे गठ्ठे, तीच सुतळी.
फक्त आता एकेका कागदावर
दोन्हीकडची माणसं वाकतात,
बाजारात बैलाचे दात बघावेत तशी.

कंदिलाच्या एकोणिसाव्या गठ्ठ्यात एक शिडी निघाली.
इकडून एक वजा, तिकडे एक जमा,
तिनाचा फरक एकावर आला.
काही कागद ओल्या शाईतच घडी घातलेले,
ठसा समोरच्या चित्रावरही उमटलेला.
भोळे साहेब भिंग धरून म्हणायचे,
‘उलटा ती सावली. सुलटा तो माणूस.’

मग तो कागद आला.
शिक्का बरोबर रेघेवर,
अर्धा काचेत, अर्धा पायरीवर,
आणि कोपऱ्यात हिरवा डाग,
आदल्या दिवशी सहावीला
केळीचं पान रंगवून दाखवलं होतं, त्याचा.

मी चित्रकलेचा मास्तर.
फळ्यावर पट्टीशिवाय सरळ रेघ मारतो.
पडद्याआड मात्र ठरेना.
एकाने माझ्या नोकरीसाठी शब्द टाकला होता.
दुसऱ्याने, वडील अत्यवस्थ असताना,
मध्यरात्री गाडी जुंपली होती.
मागून कोणी खोकलं, आणि हात पडला.

दुपारी कुणीतरी हे कंदिलाचं धरलं होतं.
आता शिडीवाला म्हणाला, ‘हरकत.’
कंदिलवाला म्हणाला, ‘जास्त भाग आमच्यात.’
साहेबांनी पट्टी माझ्याकडे सरकवली,
‘मास्तर, तुमची नजर पक्की. मोजा.’
मोजलं. चार मिलिमीटर. चार मिलिमीटर.
खोटं बोलता आलं असतं,
पण कुणाच्या बाजूने, ते अजूनही ठरेना.
रद्द.

बरोबरी.
लाखेच्या रिकाम्या डब्यात दोन चिठ्ठ्या,
चहावाल्या हिलालच्या पोराने
एक काढली, आणि आधी कपबशा उचलायला गेला.
फटाके शिडीच्या गल्लीत वाजले.

घरी हिने विचारलं, ‘कोन निवडी उना?’
सांगितलं.
‘आन तुम्ही कोनले दिन्हं व्हतं?’
मी रॉकेलने बोटं घासत होतो.
नखाच्या कडेचा हिरवा
अजून निघाला नव्हता.