कानामागचा तीळ

अंजनेरीच्या पठारावर आम्ही झाडं मोजत होतो.
मीटरभर सुतळीची चौकट,
तीत किती सोनकी, किती तेरडा.
लहानू बेंडकोळी सुतळी धरायचा, मी आकडे लिहायची.
सकाळी फाट्यावर मी मोज्यांत पँट खोचली
तेव्हा तो हसला, "मॅडम, सायकल चालवायचीय का?"
फिकट कपडे घालावेत, चढणारं दिसतं, मी म्हटलं.
त्याचा सदरा काळा. लग्नातला.

दुपारी नागलीची भाकरी मोडताना त्यानं मान वळवली.
कानामागे एक तीळ,
सकाळी नव्हता.
त्याला पाय होते.

"गोचीड."
"मग लावा काडी," खिशातून काडेपेटी काढत तो म्हणाला,
"म्हशीच्याला रॉकेल, माणसाच्याला विडी."
नको. चटका बसला की तो ओकतो,
पोटातलं सगळं तुझ्या रक्तात.
हे मी वाचलं होतं. केलं कधीच नव्हतं.

बिया उचलायचा चिमटा होता, बारीक टोकाचा.
पण त्याआधी प्रश्न हाताचा:
परक्या माणसाच्या मानेवर तो ठेवायचा कसा?
लहानू गुडघ्यांत डोकं घालून बसला,
आव न्हाव्यापुढे बसल्याचा, कान मात्र लाल.
केस बाजूला केले. खोबरेल, धूर, घाम.
धरायचं कातडीला अगदी लागून,
पोट नाही, तोंड.
पिळायचं नाही, हिसका नाही,
आडातून भरली घागर ओढावी तसं, सरळ, एकसारखं.
कातडी तंबूसारखी उचलली गेली.
"मेलो," तो म्हणाला, अगदी हळू.
आणि गोचीड सुटला, आठही पाय झाडत.

नखावर चिरडायला लहानूनं अंगठा पुढे केला.
मी वहीतच त्याला चिकटपट्टीखाली बंद केलं.
साबण, पाणी, दोघांचेही हात.
शेजारी तारीख लिहिली, आणि:
येत्या काही आठवड्यांत ताप आला, चट्टा उठला,
तर त्र्यंबकच्या दवाखान्यात हे दाखवणे.
"वही तुमच्याकडं, ताप मला," लहानू म्हणाला.
मी पान फाडून दिलं.
मागच्या बाजूला चौकट क्रमांक चौदा होती.
अहवालात ती अजून रिकामी आहे.

उतरताना पायऱ्यांवर तो थांबला.
"आता तुम्ही वळा."
हात लावला नाही त्यानं,
गवताच्या काडीनं माझी कॉलर उचलली,
बराच वेळ पाहिलं.
"काही नाही. तीळच आहे."

मला माहीत नव्हतं
तिथं मला तीळ आहे.