मागच्या चाकावरचं वजन

नोव्हेंबरात गाडी जड असते.
फळ्या भरलेल्या, दोन कोश, चर्चचा इतिहास सात खंडांत;
मागची चाकं रस्ता धरून चालतात.
मग लॅपलँडचा अंधार वाढतो, लोक वाचायला बसतात,
गावागावांत पुस्तकं उतरत जातात
आणि फेब्रुवारीत माझी फिरती लायब्ररी
रिकाम्या डब्यासारखी घसरते.

ताइस्तोनं चावी देताना एवढंच सांगितलं :
ब्रेक विसर. शेपूट जाईल तिकडेच वळव.
वाळूची दोन पोती मागे ठेव,
कादंबऱ्यांवर विसंबू नकोस.

आज पोती विसरले.
केल्लोवाराच्या चढावर खिळ्यांचे टायर
बर्फ कुरतडत राहिले,
स्वतःपुरता गुळगुळीत खड्डा कोरून थांबले.

ऑर्वोक्की आली. बादलीत चुलीतली राख,
बगलेत परत करायची तीन पुस्तकं.
कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी राख टाकली,
मग न विचारता मागे चढली,
बरोब्बर ॲक्सलवर बूड टेकलं :
"एकोणनव्वद किलो. उशिराचा दंड समज."

दुसरा गिअर. पाय हलका,
झोपलेल्या मुलाखालून हात काढावा तसा.
एक चाक नुसतंच फिरलं.
मग धरलं.
आरशात ती, टोपी न काढता,
शेवटचं पान वाचत होती.

माथ्यावर उतरली.
दंड मी माफ केला नाही. वीस सेंट, नियम आहे.
राखेच्या बोटांनी मोजून दिले.
नवीन काही हवंय का, विचारलं,
तर म्हणाली, "राहू देत आत.
पुढे अजून उतार आहे."