चौदावर सुई

इंजिन तापू दिलं. पंखा एकदा फिरून थांबला,
मग बूस्टरच्या नळीत टी घालून गेज जोडलं.
सुई चढली, चौदावर आली
आणि बसली.
सोपान म्हणाला, उस्ताद, पुस्तकात अठराच्या वर लिहिलंय.
म्हटलं, लिहिणारा समुद्राकाठी बसला असेल.
आपण अठराशे फुटांवर, इथली हवाच विरळ,
नाना पेठेत दोन इंच सगळ्यांनाच माफ.
तरी सोळाच झाले.
उरलेले कुठे गेले, ते कुणीतरी सांगायला हवं.

सालोमी सिस्टर स्टुलावर, मांडीवर वही.
चौतीस वर्षं वॉर्डात काढली, गाडीचाही चार्ट ठेवतात:
पेट्रोल, तारीख, किलोमीटर.
बहीण सासवडला राहायला गेल्यापासून दर रविवारी बोपदेव घाट,
आणि घाटात पहिला गिअर,
मागून दूधवाला हॉर्न देत पुढे निघून जातो.
त्यांनी वाकून डायल बघितली. "इंच कशाचे?"
पाऱ्याचे, म्हटलं.
"म्हणजे माझंच काम.
मी फुगवून मोजायचे, तू ओढून मोजतोस."

सुई बोलते, पण मोजकं.
व्हॉल्व्ह जळका असता तर तिनं ठेक्यात टिचकी मारली असती.
ही नुसती बसून.
घरात भांडण नाही, आदळआपट नाही,
फक्त सगळेच उठतात जरा उशिरा, तसं.

पहिला संशय हवेच्या चोरीचा.
नळीचं एक टोक कानात,
दुसरं मॅनिफोल्डच्या गॅस्केटला लागून फिरवत नेलं.
शेजारी डेंटिंगवाला इरफान पत्रा ठोकत होता,
त्याला म्हटलं, दोन मिनिटं. थांबला.
फुसफुस नाही.
कार्बोरेटरच्या बुडाशी स्प्रे मारला,
इंजिनानं सूर बदलला नाही.
नळ्या एकेक करून चिमटीत दाबल्या. चौदा.
ॲक्सिलरेटर झटक्यात दाबून सोडला:
सुई तळाला, मग एकविसावर, मग परत आपल्या जागी.
रिंगा शाबूत.
इरफाननं हातोडा उचलला.

मग टायमिंग लाइट धरली.
पुलीवरची खूण मागे पडत होती,
ठिणगीच उशिरा.
डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाचं ग्रीस चिंधीनं पुसलं
तर खाली छिन्नीची रेघ, डावीकडे कललेली.
डावखुऱ्या हाताची रेघ.
या गल्लीत डावखुरा मिस्त्री एकच.

तेव्हा पेट्रोलच असलं यायचं,
चढावर इंजिन खिळ्यांच्या डब्यासारखं वाजायचं.
मी ठिणगी मागे सरकवली, खडखड थांबली,
नाताळात सिस्टरनी करंज्यांचा डबा पाठवला.
पुढे पेट्रोल सुधारलं.
रेघ तिथंच.
"तात्पुरतं" असं म्हणालो असेन,
मी ते नेहमीच म्हणतो.

सिस्टर पिशवीतून जुनी वही काढतात, पानं उलटतात.
नोव्हेंबर सत्त्याण्णव. दस्तगीर. खडखड बंद. ऐंशी रुपये.
त्याच्या वर लिटरला अठरा, अठरा, साडेसतरा.
त्याच्या खाली पंधरा,
पंधरा,
वही संपेपर्यंत पंधरा.
"मला वाटलं, वय झालं तिचं."
पुढे काही बोलल्या नाहीत. चष्मा पुसला.
मीही चिंधी हातातच धरून उभा.

बोल्ट ढिला केला, बॉडी केसभर फिरवली.
पंधरा. सोळा.
सोळाच्या पुढे जरा रेंगाळून सतरा.
इंजिन धावायला लागलं, तेव्हा आयडल खाली आणला,
लाइट धरून खूण पुन्हा बघितली, बोल्ट कसला.
सिस्टर म्हणाल्या, ऐंशी रुपये परत दे.
हसल्या नाहीत. मी खिशात हात घातला,
तेव्हा म्हणाल्या, राहू दे, वहीत लिहिते.

नवी रेघ मारायची होती.
छिन्नी सोपानच्या हातात दिली.
त्याचा हात उजवा.
"आणि तारीख टाक," सिस्टर म्हणाल्या,
"जागा असेल तर कारणही."