मेजाची वाट

आमच्या भाषेत या पट्टीला मेजाची वाट म्हणतात.
अळशीच्या धाग्याची, आईनं विणलेली,
रुंदी एक वीत चार बोटं,
लांबी दहा माणसांची.

देओलिंदा ती आडवी घालते.
माझ्या ताटापासून तिच्या ताटापर्यंत.
मधे मीठ, तेलाची बुधली, मक्याचा पाव.
उरते ती घडी करून कडेला खोचते
आणि म्हणते, दोघींना वाट लागते किती?
बाकीचं मेज उघडं.
चेस्टनटचं लाकूड, बाबांच्या सुरीचे ओरखडे,
आठ खुर्च्या, सगळ्या आत ढकललेल्या.

मी म्हणते, उभी घाल.
ती म्हणते, आणि धुणार कोण?
हे भांडण बाबा गेले त्या फेब्रुवारीपासूनचं.
मिटलं तर आम्ही बोलणार काय!

पट्टीच्या बरोब्बर मध्यावर तेलाचा डाग आहे,
भोपळ्याच्या बीएवढा.
अबिलियूनं लक्झेंबर्ग हा शब्द या घरात पहिल्यांदा उच्चारला
तेव्हा बुधली त्याच्याच हातात होती.
राख झाली, लिंबू झालं,
लिमाकाठच्या गवतावर तीन उन्हाळे वाळवून झाली.
देओलिंदा रोज पावाची टोपली त्या डागावर ठेवते.
एक बोटही इकडे नाही, तिकडे नाही.

गेल्या वर्षी त्यानं टपालानं नवी पट्टी पाठवली.
लाल, चकचकीत, रुपेरी चांदण्यांची.
सोबत चिठ्ठी: इस्त्री करू नका, वितळेल.
वितळणारी वाट, देओलिंदा म्हणाली,
आणि ती शिवणयंत्रावर टाकून दिली.

पण नाताळच्या आदल्या रात्री
ती न सांगता घड्या उलगडते.
मी इस्त्री तापवते.
चुलीकडच्या टोकापासून दाराकडच्या टोकापर्यंत
तळहातानं दाबत, सुरकुती पुढे पुढे हाकलत
ती सगळ्या मेजाला एक वळसा घालते.
दोन्ही टोकं सारखी लोंबत नाहीत.
दाराकडची ती मुद्दाम लांब सोडते:
म्हातारी माणसं, पाय उचलत नाहीत फार.

कॉड मासा, बटाटे, कोबीची पानं, लसूण.
आम्ही जेवतो आणि काही आवरत नाही.
रात्री आपली गेलेली माणसं येतात, त्यांच्यासाठी राहू द्यायचं.
टोपली आज फडताळावर. डाग उघडा.
तो जिवंत आहे गं, मी म्हणते,
नऊ वाजता फोन नाही का आला?
असू दे, ती म्हणते,
वाट आहे. कुणीही यावं.

सकाळी दाराकडचं टोक चुरगळलेलं,
माशाची एक फोड कमी.
आले होते, देओलिंदा म्हणाली. कुजबुजलीच.

चुलीखाली फारुस्कू पंजा चाटत होता.
पट्टीवर तीन काळे केस होते.
मी ते वेचून एप्रनच्या खिशात टाकले.
हो, म्हटलं, बाबाच असणार,
मासा दिसला की त्यांना कुठे धीर असायचा.

मग एक टोक तिनं धरलं, एक मी,
आणि अंगणात, थंडीत, पट्टी झटकली.
चुरा उडाला, चिमण्या आल्या.

आडवी घालू ना?
तिनं विचारलं.
आजवर कधी विचारलं नव्हतं.

घाल, मी म्हटलं.
टोपली कुठे ठेवलीस?