रकाना क्रमांक सात

संसर्ग नेमका कुठून झाला?
पुढे जागा बोटभर.

अर्ज वेस्ती पावराचा आहे, अक्षर माझं.
पद : अधिपरिचारिका, कंत्राटी.
गाव : वैजापूरच्याही वर, सातपुड्यात,
फोन लावायचा तर टेकडी चढावी लागते.

कुठून म्हणून लिहू?
मे महिन्यात चोपड्याचा पारा पंचेचाळीस,
किटच्या आतला घाम बुटात उतरायचा,
वॉर्डात चालताना पचपच वाजायचा.
सहा तास पाणी नाही,
कारण सहा तास लघवीला जाता येत नाही.
पाळी आलेल्या पोरी दोन-दोन पॅड लावून आत शिरायच्या
आणि त्यावर कुणी काही बोलायचं नाही.

मास्क प्रत्येकीला पाच.
किराण्याच्या कागदी पिशव्यांत, वर वाराचं नाव,
भिंतीवर खिळ्यांना टांगलेले.
वेस्तीच्या गुरुवारची दोरी तुटली
तेव्हा स्टोअरमधून निरोप आला :
बुधवारचाच गुरुवारी चालवा.

की अडावदच्या आजीचं लिहू?
रात्री अडीचला ऑक्सिजनची नळी उपटत होती.
‘कोनी पोर शे माय तू? तोंड तं दखाड.’
नाव होतं, पाठीवर, मार्करने. आजीला वाचता येत नव्हतं.
वेस्तीने शील्ड वर केलं,
मास्क हनुवटीखाली घेतला.
चार श्वास. पाच असतील.
आजीने मग नळी लावू दिली.

अकराव्या दिवशी आजी घरी गेली.
मुलाने टेबलावर केळ्यांची फणी ठेवली होती,
भीतीने कुणी हात लावला नाही,
काळी पडेपर्यंत ती तिथेच.

कंत्राट तीस तारखेला संपलं.
ताप एक तारखेला आला.
घरमालकाने तिची ट्रंक ओट्यावर काढली,
वरून फवारा मारून.
क्लार्क तसा वाईट माणूस नाही.
म्हणाला, सिस्टर, तारखेला मी काय करू?

वाचली ती.
टेकडी चढताना आता दोनदा बसते.
काल फोन आला, आधी नुसता श्वास,
बराच वेळ श्वासच,
मग ती.

मी विचारलं, सातव्या रकान्यात काय लिहू?

‘आजीचं नका लिहू, सिस्टर.
गावात तिलाच बोलतील.
बुधवारचं लिहा.’